मोजणी झाली, पुढे काय?

२०१८ साली महाराष्ट्रात दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर उतरला. २०२० साली ९५.३० टक्क्यांवर चढला. आणि २०२१ साली, म्हणजे महामारीमुळे ज्या वर्षी लेखी परीक्षाच झाली नाही त्या वर्षी, तो ९९.९५ टक्के झाला. हे चार आकडे एकाखाली एक लिहून सुजाण वाचकांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहावे. २०१९ च्या मार्च महिन्यात महाराष्ट्रातील मुले एकाएकी मंद झाली होती काय? आणि वर्षभरात ती पुन्हा तल्लख झाली काय?

तसे काही झाले नव्हते. मुले त्याच गावांतील होती, शिक्षक तेच होते. बदलली होती ती मोजपट्टी. २०१९ साली दहावीला नवा अभ्यासक्रम आला आणि त्याच वेळी भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांत शाळेने द्यावयाचे २० अंतर्गत गुण काढून टाकण्यात आले. निकाल कोसळला, ओरड झाली, गुण परत देण्यात आले, निकाल वर चढला. २०२१ साली तर नववीचे गुण आणि दहावीचे शाळेतील मूल्यमापन यांवरच सर्व निर्णय झाला. इतके उघड सत्य डोळ्यांसमोर असताना २०१९ साली कित्येक घरांत मुलांना बोल लावले गेले आणि पुढच्या वर्षी त्याच आळीत अभिनंदनाचे फलक लागले. बोल आणि अभिनंदन, दोन्ही मोजपट्टीच्या वाट्याला जावयास हवे होते. ते मुलांच्या वाट्याला आले.

या लेखात मला परीक्षेविरुद्ध बोलावयाचे नाही. परीक्षा नकोच, मुलांना फुलू द्या, असे म्हणणारा एक वर्ग आहे. त्याचाही समाचार पुढे घ्यावयाचा आहे. माझी तक्रार वेगळी आहे. आपण मुलांना वर्षभर मोजतो, पण मोजून हाती आलेले ज्ञान ज्या ठिकाणी उपयोगी पडावयाचे त्या ठिकाणी, म्हणजे वर्गात, ते परत येत नाही. ते फलकावर जाते, अहवालात जाते, संगणकात जाते, गुणगौरव समारंभात जाते. ज्या चाचणीचा निकाल पाहून शिक्षकाचा पुढचा पाठ बदलत नाही, ती चाचणी शिक्षणाच्या दृष्टीने झालीच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

चांगले हेतू आणि त्यांचे कागद

आपल्या राज्यात या बाबतीत विचार झालाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि पाठोपाठ २०१० साली महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. त्यामागील कल्पना थोर होती. सत्राच्या शेवटी होणाऱ्या संकलित मूल्यमापनाबरोबर वर्षभर चालणारे आकारिक मूल्यमापन ठेवले गेले. शिक्षकाने मुलाचे दैनंदिन निरीक्षण करावे, त्याच्याशी बोलावे, त्याला काही करावयास लावावे, त्याचा स्वाध्याय पाहावा आणि जे दिसले ते आपल्या शब्दांत नोंदवावे, अशी अपेक्षा होती. या नोंदींना वर्णनात्मक नोंदी असे नाव मिळाले.

पुढे काय झाले? बाजारात वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका आल्या. ‘वाचन स्पष्ट आहे’, ‘वर्गात सक्रिय सहभाग घेतो’, ‘गणिती क्रिया अचूक करतो’ अशी वाक्ये विषयवार छापलेली मिळू लागली आणि ती मुलांच्या नावांपुढे उतरवली जाऊ लागली. ज्या नोंदीचा सारा अर्थ ‘मी या मुलाला पाहिले’ एवढाच होता, ती नोंद मुलाला न पाहता लिहिता येऊ लागली. मी शिक्षकांना एकट्याने दोष देत नाही. तपासणीला येणारा अधिकारी रकाना भरलेला आहे की रिकामा, एवढेच पाहणार असेल, तर रकाना भरला जाणारच.

२०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला. त्यात वर्षाच्या आरंभी पायाभूत चाचणी ठेवली होती. कल्पना पुन्हा उत्तम: मूल कोठे उभे आहे हे आधी पाहा आणि मग शिकवा. अलीकडे, २०२३ पासून, जागतिक बँकेच्या साहाय्याने चालणाऱ्या स्टार्स प्रकल्पात नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होऊ लागल्या: एक पायाभूत आणि दोन संकलित. प्रश्नपत्रिका पुण्याहून छापून येतात. शिक्षक उत्तरपत्रिका तपासतात आणि गुण विद्या समीक्षा केंद्राच्या संगणकीय प्रणालीत भरतात. मूल कोणत्या अध्ययन निष्पत्तीत मागे आहे हे कळावे आणि त्याप्रमाणे त्याला मदत व्हावी, हा हेतू आहे. हेतूविषयी माझा वाद नाही.

वाद आहे तो वाटेविषयी. गुण वर जाण्याची वाट रुंद आणि पक्की आहे. ते खाली परतण्याची वाट पाऊलवाटेइतकीही नाही. गुण भरण्याची अंतिम तारीख असते, तिच्या आठवणी येतात, न भरणाऱ्या शाळांच्या याद्या निघतात. ‘या चाचणीनंतर तुम्ही शिकवण्यात काय बदलले?’ या प्रश्नाला मात्र अंतिम तारीख नाही. तो विचारला गेलाच तर त्याचाही एक रकाना होतो.

२०२५ चेच उदाहरण घ्या. त्या वर्षी पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षांचे आणि संकलित चाचणीचे एकच वेळापत्रक राज्याला लागू झाले आणि ते २५ एप्रिलपर्यंत चालले. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात विदर्भातील पत्र्याच्या छपराखालील वर्ग कसा तापतो हे मुंबई-पुण्याच्या वाचकांनी कल्पनेनेच जाणावे. पण उन्हाची गोष्ट बाजूला ठेवू. १ मे रोजी निकाल द्यावयाची आपली जुनी रीत आहे. म्हणजे शेवटचा पेपर आणि निकाल यांमध्ये पाच-सहा दिवस. त्यात तपासणे, बेरजा, प्रगतिपुस्तके, ऑनलाइन नोंदणी. मग सुट्टी. जूनच्या अखेरीस आमच्याकडील शाळा उघडते तेव्हा मूल पुढच्या वर्गात, पुष्कळदा दुसऱ्या शिक्षकाच्या हाती असते. एप्रिलच्या त्या उत्तरपत्रिकांत जे काही लिहिलेले होते, ते वाचून कोणी, केव्हा आणि काय करावे अशी अपेक्षा होती?

उत्तरपत्रिका बोलते, गुण बोलत नाहीत

वाचकांपैकी पुष्कळांना वाटेल की गुण आणि उत्तरपत्रिका यांत एवढे अंतर काय आहे. एक साधे उदाहरण देतो. तिसरीच्या वर्गात ५२ मधून २७ वजा करावयास सांगितले आहे असे समजा. उत्तर २५. तीन मुलांचे उत्तर चुकले आणि तिघांना शून्य मिळाले.

पहिल्या मुलाने ३५ लिहिले आहे. एकक स्थानी २ मधून ७ जात नाहीत असे पाहून त्याने ७ मधून २ वजा केले आणि दशकाच्या घरात ५ मधून २. त्याला वजाबाकी येते, पण वरची संख्या आणि खालची संख्या यांतील नाते कळलेले नाही. हातचा कशासाठी घ्यावयाचा हेच त्याला उमगलेले नाही. दुसऱ्याने २६ लिहिले आहे. त्याने दशक सुटा केला, रीत पूर्ण बरोबर केली. बोटांवर मोजताना एक चुकला. तिसऱ्याने जागा कोरी सोडली आहे. हजेरीपट पाहिला तर कळते की हातच्याची वजाबाकी शिकवली त्या पंधरवड्यात तो शाळेत नव्हता.

संगणकात तिघांचे शून्य सारखेच दिसते. पण पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडून दशक म्हणजे काय हे पुन्हा दाखवले पाहिजे, दुसऱ्याला केवळ सराव हवा आणि तिसऱ्याला जे शिकवलेच गेले नाही ते शिकवावयास हवे. तिघांना एकत्र बसवून ‘उपचारात्मक अध्यापन’ या नावाखाली तीच वीस उदाहरणे फळ्यावर दिली, तर पहिल्याची चूक वीस वेळा पक्की होईल, दुसरा कंटाळेल आणि तिसरा शेजाऱ्याचे पाहून लिहील. मूल्यमापनाचा विचारपूर्वक उपयोग म्हणजे काही अवघड शास्त्र नव्हे. या तीन शून्यांतील फरक ओळखणे, एवढाच त्याचा अर्थ.

मुलांच्या चुका नीट वाचल्या तर किती दूरवर विचार जातो याचे एक उदाहरण आपल्याच मराठीत आहे. त्रेसष्ट म्हणताना तोंडात आधी तीन येतात आणि मग साठ. लिहिताना मात्र आधी सहा आणि मग तीन. शिवाय त्रेसष्ट, सदुसष्ट, एकोणसत्तर असे जोडाक्षरांचे शब्द. लहान मूल ६३ ऐवजी ३६ लिहिते त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते. डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील बालभारतीच्या गणित समितीने हे ध्यानात घेतले आणि २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकात जुने शब्द ठेवूनच ‘साठ तीन’ अशी वाचण्याची सोपी रीतही दिली. त्यावर केवढे वादळ उठले! विधानसभेपर्यंत थट्टा गेली, मराठी भाषा बुडाली असे अग्रलेख झाले. या बदलाला विरोध करण्याचा अधिकार सर्वांना होता. पण त्या साऱ्या गदारोळात ‘मुले येथे खरोखर किती चुकतात आणि का चुकतात?’ हा प्रश्न किती जणांनी विचारला? चर्चा भाषेच्या अभिमानाची झाली. दुसरीतील मुलाच्या पाटीकडे कोणी पाहिले नाही.

आमच्या जिल्ह्यातील आकडा

मी यवतमाळ जिल्ह्यातून लिहीत आहे, म्हणून येथील स्थिती सांगणे माझे काम आहे. सोळा तालुक्यांचा हा जिल्हा कापसाचा. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या भागांत कोलाम बांधवांचे पोड आहेत. पुसद, दिग्रस, दारव्हा या बाजूस बंजारा समाजाचे तांडे आहेत. पोडावरील मूल घरी कोलामी बोलते. ती द्राविडी कुळातील भाषा; मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही. तांड्यावरील मूल गोरमाटी बोलते. मराठी घरातील मूलसुद्धा आमच्याकडे वऱ्हाडी बोलते. त्याच्या तोंडी शेत नसते, वावर असते. आई नसते, माय असते. ही सर्व मुले सहा वर्षांची होऊन एकाच वर्गात बसतात आणि एकाच प्रमाण मराठीतील प्रश्नपत्रिका सोडवतात.

तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत, असे ‘निपुण भारत’ अभियानाचे ध्येय आहे. ध्येय योग्य आहे. कोलामाच्या मुलाकरिता ते खाली आणावे असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण तसे म्हणणे हाच त्याचा अपमान होईल. पण ते मूल मिनिटाला वीस शब्दांवर अडखळले, तर त्याचे तीन अर्थ असू शकतात. त्याला अक्षरे येत नसतील. अक्षरे येत असतील, पण शब्द परके असतील. किंवा शब्दही कळत असतील, पण अनोळखी परीक्षकासमोर त्याची जीभ उचलत नसेल. पहिल्या स्थितीत अक्षरे शिकवावीत, दुसऱ्या स्थितीत त्याच्याशी खूप बोलावे आणि कोलामीतून अर्थ सांगणारा कोणी वर्गात असावा, तिसऱ्या स्थितीत त्याला जवळ घ्यावे. ‘वाचनात अप्रगत’ एवढाच शेरा तिन्ही ठिकाणी मारला, म्हणजे रोग्याला ताप आहे एवढे सांगून वैद्य निघून गेल्यासारखे झाले.

दुसरी गोष्ट कापसाची. दिवाळीच्या आगेमागे वेचणीला जोर येतो. मायबाप पहाटे वावरात जातात. थोरली मुलगी त्यांच्याबरोबर वेचायला तरी जाते, नाहीतर धाकट्याला सांभाळीत घरी तरी बसते. पहिल्या सत्राचे मूल्यमापन नेमके त्याच सुमारास असते. त्या चाचणीत पाचवीतील मुली मुलांपेक्षा मागे दिसल्या, तर ‘मुलींचे गणित कच्चे’ असा निष्कर्ष काढावयाचा, की गुणांची यादी आणि हजेरीपट शेजारी शेजारी ठेवावयाचा? हे दोन कागद प्रत्येक मुख्याध्यापकाच्या एकाच कपाटात असतात. ते एकत्र उघडण्यास कोणत्याही संगणकाची गरज नाही. तसे केले म्हणजे प्रश्न गणिताचा राहत नाही. तो पालकांशी बोलण्याचा, धाकट्यांसाठी अंगणवाडीची वेळ पाहण्याचा, बुडालेले पाठ डिसेंबरात पुन्हा घेण्याचा होतो.

तीन आक्षेप

माझ्या या म्हणण्यावर आक्षेप येतील, आणि ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप शिक्षकांचा. द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग, पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीची कामे, रोज नवी माहिती मागणारे संदेश. यात प्रत्येक मुलाची प्रत्येक चूक केव्हा वाचावी? मला हा आक्षेप शंभर टक्के मान्य आहे आणि त्यावर माझे उत्तर असे, की कमी मोजा आणि जास्त वाचा. दहा चाचण्यांचे गुण भरण्यापेक्षा एका चाचणीतील तीन प्रश्न निवडून त्यांची उत्तरे नीट पाहणे अधिक मोलाचे. आठवड्यात एकदा, पाठ संपताना, एकच प्रश्न पाटीवर सोडवून घ्यावा आणि पाट्यांचे तीन ढीग करावेत: समजले, थोडे चुकले, समजले नाही. याला पंधरा मिनिटे लागतात. आणि केंद्रप्रमुखांच्या शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेने टक्केवारीचे तक्ते आणण्याऐवजी मुलांच्या पाच चुकलेल्या उत्तरपत्रिका आणाव्यात. सर्वांनी मिळून ‘हे मूल असे का लिहिते?’ यावर बोलावे. शिक्षकाचा वेळ वाचवणे हे शासनाचे काम आहे. जी माहिती एकदा दिली ती पुन्हा मागू नये, हा नियम झाला तर अर्धा प्रश्न सुटेल.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा आणि करदात्यांचा. शाळांची तुलना केली नाही, आकड्यांचा धाक ठेवला नाही, तर काम कोण करील? या आक्षेपाला इतिहासाने उत्तर दिले आहे. १८६२ साली इंग्लंडमध्ये असा नियम झाला की मुले वाचन, लेखन आणि अंकगणितात निरीक्षकासमोर उत्तीर्ण होतील त्या प्रमाणात शाळेला पैसे मिळतील. मॅथ्यू आर्नल्ड हा विख्यात इंग्रजी कवी त्या काळी शाळांचा निरीक्षक होता. त्याने या पद्धतीवर सडकून टीका केली. मुले नेमलेले पुस्तक घडाघडा म्हणून दाखवीत, पण दुसरे साधे पुस्तक हाती दिले तर ती अडत. शाळांनी पैसे मिळवले होते, वाचन दिले नव्हते. शतक संपण्यापूर्वी इंग्लंडने ती पद्धत मोडीत काढली. दरम्यान ती समुद्र ओलांडून आपल्याकडेही आली होती. मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांना, त्यांत मिशनच्या शाळाही आल्या, निकालाप्रमाणे अनुदान मिळे, आणि १८८२ च्या हंटर आयोगापुढे या पद्धतीचा खल झाला. आपल्याच काळात, अमेरिकेतील अटलांटा शहरात, गुणांचा धाक इतका वाढला की शिक्षकांनीच मुलांची उत्तरे खोडून बरोबर केली. २०११ साली तेथील चौकशीत ४४ शाळा सापडल्या. आकड्याला छडी केले की आकडाच खोटे बोलू लागतो, आणि मग ज्याला मदतीची गरज आहे तो मुलगा कागदावर उत्तीर्ण होऊन नाहीसा होतो.

राज्याची प्रकृती पाहावयाची असेल तर त्यासाठी नमुना-पाहणी पुरेशी आहे. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ या पाहणीत खेड्यापाड्यांतील घरी जाऊन मुलांना एकेकटे वाचावयास देते. ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ साली २०.९ टक्के होती. महामारीनंतर २०२२ साली १६.३ आणि २०२४ साली २३.४ टक्के. केंद्र शासनाचे परख सर्वेक्षणही डिसेंबर २०२४ मध्ये तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक वर्गांतच झाले. अशा पाहण्या धोरणासाठी आवश्यक आहेत. त्यांत कोणा एका मुलाचे वा शिक्षकाचे नाव पुढे येत नाही, म्हणूनच त्या खऱ्या राहतात. रोग किती पसरला हे पाहणारी पाहणी आणि समोरच्या रोग्याची नाडी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दोहोंसाठी एकच चाचणी वापरू पाहतो, तेथेच घोटाळा होतो.

तिसरा आक्षेप कोमल मनाच्या लोकांचा. मुलांना मोजूच नका, प्रेम द्या. या सद्गृहस्थांना मी नम्रपणे विचारतो: पाचवीत पोहोचलेल्या ज्या मुलाला वाचता येत नाही, त्याला ते येत नाही हे न पाहणे, याला प्रेम म्हणावे काय? २००० च्या दशकाच्या आरंभी मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत ‘प्रथम’ने बालसखी उपक्रम चालवला. मागे पडलेल्या मुलांना वर्गातून काही वेळ बाजूला घेऊन, वस्तीतीलच एक तरुणी त्यांना येत असलेल्या जागेपासून पुढे शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आदी अर्थशास्त्रज्ञांनी त्याची काटेकोर तपासणी केली आणि सर्वांत मागची मुलेच त्यातून सर्वाधिक पुढे गेली असे त्यांना आढळले. बॅनर्जी आणि दुफ्लो २०१९ च्या नोबेलचे मानकरी आहेत, हे येथे केवळ ओळखीसाठी सांगतो. मूल कोठे आहे हे मोजल्याशिवाय ‘त्याच्या जागेपासून’ शिकवता येत नाही. मात्र गट पाडताना एक पथ्य पाळावयास हवे: गट आजच्या कामाचा असावा, मुलाच्या नावाचा नसावा. ब्राह्मी लिपीपासून इतर अक्षरे बदलली, ‘ढ’ मात्र बदलला नाही, म्हणून न बदलणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणतात, असे सांगितले जाते. अक्षर बदलले नसेल. मूल दर महिन्याला बदलते. जुलैत पाडलेला गट मार्चपर्यंत तसाच राहिला, तर बदल मुलात न होता शिकवण्यात झाला नाही असे समजावे.

आपले घर, आपली शाळा

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या समाजाला शाळांचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. धर्मभगिनींनी आणि धर्मगुरूंनी आडगावात जाऊन शाळा उभ्या केल्या. पण ‘शंभर टक्के निकाल’ हा फलक पाहिला की मला आधी एक प्रश्न सुचतो: शंभर म्हणजे कोणापैकी शंभर? नववीत ज्या मुलाचे गुण कमी दिसले, त्याच्या पालकांना बोलावून ‘याचा सतरा नंबरचा अर्ज भरा, बाहेरून बसू द्या’ असे सुचवणाऱ्या शाळा या राज्यात आहेत, हे शिक्षणक्षेत्रातील कोणालाही ठाऊक आहे. आमच्या शाळांत असे कधी होत नाही, असे छातीवर हात ठेवून सांगता यावे, अशी माझी प्रार्थना आहे. मूल्यमापनाचा याहून वाईट उपयोग मला सुचत नाही. नववीची चाचणी त्या मुलाला वर्षभर आधी हात देण्यासाठी होती. तिचा उपयोग त्याला दाराबाहेर काढण्यासाठी झाला. नव्व्याण्णव मेंढरे सोडून हरवलेल्या एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाचे नाव ज्या शाळा सांगतात, त्यांनी तरी शंभराव्याला घालवून आपली टक्केवारी पूर्ण करू नये.

आणि पालकहो, आपणही या व्यवहारात निर्दोष नाही. प्रगतिपुस्तक घरी आले की आपला पहिला प्रश्न ‘किती?’ आणि दुसरा ‘शेजारच्याला किती?’ १९८८ साली रूथ बटलर या संशोधिकेने इस्राएलमधील शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना केवळ गुण दिले, काहींना केवळ ‘येथे बरोबर आहे, येथे असे करून पाहा’ असा शेरा दिला, काहींना दोन्ही दिले. पुढच्या कामात सुधारणा झाली ती केवळ शेरा मिळालेल्यांची. दोन्ही मिळालेल्या मुलांना शेऱ्याचा लाभ झाला नाही. गुण दिसताच शेरा वाचायचे कारणच उरले नाही. आपल्या घरी वर्षानुवर्षे हेच चालले आहे.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत. शासनाने प्रत्येक चाचणीनंतर शिकवण्यासाठी वेळ ठेवावा; वर्षातील महत्त्वाची चाचणी एप्रिलच्या अखेरीस न घेता अशा महिन्यात घ्यावी की पुढे निदान दोन महिने हाती राहतील. अधिकाऱ्यांनी शाळेत गेल्यावर तक्ता मागण्याऐवजी एका मुलाची वही उघडावी. आपल्या शाळांनी दहावीच्या निकालाबरोबर नववीत किती मुले होती आणि त्यांपैकी किती दहावीला आपल्याच शाळेतून बसली, हेही फलकावर लिहावे. आणि आपल्या धर्मग्रामांतून दर जूनमध्ये जो गुणगौरव होतो, त्यात नव्वद टक्केवाल्यांबरोबर त्या मुलालाही व्यासपीठावर बोलवावे, जे गेल्या वर्षी वाचू शकत नव्हते आणि यंदा वाचू लागले. आणि ज्या शिक्षकाने त्याला वाचते केले, त्यालाही.

पुढची पालकसभा येईल तेव्हा ‘माझ्या मुलाला किती गुण?’ असे विचारू नका. उत्तरपत्रिका हाती घ्या, चुकलेल्या एका प्रश्नावर बोट ठेवा आणि विचारा, ‘सर, येथे याचे नेमके काय अडले? आणि आता आपण दोघांनी काय करावयाचे?’ शिक्षक क्षणभर गोंधळतील; हा प्रश्न त्यांना फारसा कोणी विचारलेला नसतो. दुसऱ्या वेळी ते तयारीने येतील.